बारीच्या चुलीपाशी

डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि एक छापील कागद माझ्या हाती ठेवला. त्याच्या डाव्या बाजूला 'वर्ज्य' म्हणून जी यादी होती, ती पाहून उजवी बाजू वाचण्याचा धीर मला झाला नाही. भात नाही, बटाटा नाही, केळे नाही, साखरेचे तर नावच नको. आठ दिवस मी तो कागद निष्ठेने पाळला. नवव्या रात्री बाराच्या सुमारास सौ.ने स्वयंपाकघरातला दिवा लावला, तेव्हा मी पातेल्यातला गार भात उभ्या उभ्या खात होतो. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती नुसतीच खुर्चीवर बसून राहिली. तिच्या वडिलांचा पाय याच दुखण्यापायी काढावा लागला होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही उभयता बारीला गेलो, ते हवापालटासाठी. माझा कचेरीतला एक जुना सहकारी निवृत्त होऊन तिथे आपल्या घरी राहतो. बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. (आमच्या पिढीच्या तोंडी अजून नगरच येते.) कसारा घाट चढून इगतपुरी, मग घोटी, आणि तिथून भंडारदऱ्याच्या वाटेवरची एस.टी. आश्विन लागला होता. १६४६ मीटरचे ते शिखर ढगात डोके खुपसून बसले होते, आणि खाली उतारावर खुरासणी फुलली होती. ज्याने ती पिवळी शेते पाहिली नाहीत, त्याने आश्विनातला सह्याद्री अर्धाच पाहिला असे मी खुशाल म्हणेन.

घरात चुलीचा कारभार मित्राच्या आईकडे. वय ऐंशीच्या पुढे, दात मोजके, नजर मात्र करडी. पहिल्याच रात्री मी संकोचाने सांगितले, "आजी, मला भात चालत नाही."

"कुणाला चालत नाही? तुला का तुझ्या डाक्टरला?" असे म्हणून त्यांनी ताट वाढले.

त्या ताटाचे वर्णन करायलाच हवे. नागलीची भाकरी, काळपट तांबूस, चुलीवरून थेट ताटात. घेवड्याची भाजी, ती मात्र आमच्या घरच्यासारखी चमचाभर नव्हे, ढीगभर. खुरासणी भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटलेली चटणी. हुलग्याची शेंगोळी, वाफाळणारी. आणि हे सगळे संपत आले तेव्हा कुठे भात आला, हातसडीचा, एक मूठ. मी सवयीने त्यावर तुटून पडलो. आजी म्हणाल्या, "बाबा, भात काय पळून चाललाय का? पाणी प्यावं तसा पितोस तो!"

वाचकहो, साठ वर्षे मी जेवतो आहे, पण मी भात पितो हे मला कोणी सांगितले नव्हते. नागलीची भाकरी पिता येत नाही. ती चावावीच लागते, आणि चावता चावता पोट भरल्याची वर्दी वेळेवर पोहोचते. नागलीचा दाणा इतका बारीक, की गव्हा-तांदळासारखे त्याचे साल सहसा कोणी काढीत बसत नाही. कोंड्यासकट सगळे पोटात जाते. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम तिच्यात, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. आधी भाजी-कडधान्य आणि शेवटी भात खाल्ला तर रक्तातली साखर एकदम उसळत नाही, हे आता आहारशास्त्रही सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातले निम्मे ताट भाज्या-फळांचेच आहे. आजींना त्या संस्थेचा पत्ता नाही. पण घेवड्याचे बी त्या राखेत घोळून ठेवतात, आणि याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना असे गावरान बियाणे राखल्याबद्दल २०२० साली पद्मश्री मिळाली, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

परंतु डोंगरातले सगळेच गोड मानून परतणाऱ्या शहरी पाहुण्यांपैकी मी नव्हे. शिखरावर जाणाऱ्यांसाठी वाटेवर टपऱ्या आहेत. तिथे पाकिटातल्या शेवया आणि वेफर्स यांचीच चलती, आणि गावातली पोरेही तिथेच घुटमळतात. आजींचा नातू भाकरीला नाक मुरडतो. शिवाय त्या ताटामागे जे होते, ते मला तिसऱ्या दिवशी कळले. सौ.ने सहज विचारले, "आजी, तुम्ही कधी उपासतापास करता का?" म्हातारी बराच वेळ चुलीतले लाकूड सारीत राहिली. मग म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात केले की. मिलो खाल्ली, खडी फोडायच्या कामावर सुकडी खाल्ली, आणि ते नसलं तर नुसतं पाणी. आता घरात दाणा असताना उपाशी राहायचं? थोडं खा, सगळं खा, पण बसून खा."

उभ्याने खाल्लेला तो गार भात हिने त्यांना सांगितला होता की काय, हे मी अजून विचारलेले नाही.

डोंबिवलीला आल्यावर आम्ही तो छापील कागद फाडला नाही. गोळीही चालूच आहे. फक्त भाजीचे पातेले मोठे झाले आणि भाताची वाटी लहान. आठवड्यातून दोनदा हुलगे शिजतात, चार वेळा भाकरी होते. ती सौ.ला पहिल्यांदा थापता येईना, तेव्हा महिनाभर आम्ही नागलीचे नकाशेच खाल्ले. रात्रीचे जेवण साडेनऊवरून साडेसातवर आले. त्यासाठी दूरदर्शन संचाशी थोडे भांडावे लागले. तीन महिन्यांनी साखर उतरली. डॉक्टरांनी विचारले, "पथ्य नीट चालू आहे ना?" मी हो म्हणालो. ही खिडकीबाहेर पाहत होती.

परवा फराळाचे डबे भरताना तिने विचारले, "तुमच्यासाठी बेसनाचे लाडू किती ठेवू?" मी म्हटले, चार दिवसांचे चार, आणि जेवल्यावर, ताटातच. तिने पाच ठेवले. पाचवा बारीला जायचा आहे, खुरासणीची पिशवी संपत आली आहे.