खालचा ओठ, डावी बाजू

बधिर ओठ आरशात अगदी नेहमीसारखा दिसतो, हा त्याचा मोठा खोटेपणा. आतून तो सुजून लोंबत असल्यासारखा वाटतो आणि चाचपून पाहावं तर होता तेवढाच, थंडीने किंचित उललेला. बोटाला ओठ लागतो, ओठाला बोट लागत नाही. आपल्याच अंगाला हात लावला की एरवी दोन्हीकडून खबर येते. त्यातली एक बंद पडली की तो हात परक्या माणसाचा होतो.

डावीकडची अक्कलदाढ हाडात आडवी निजली होती, पुढच्या दाढेला रेटा देत. एक्स-रेमध्ये तिची मुळं आणि जबड्यातली एक काळसर नळी एकमेकांना टेकलेली दिसत होती. त्या नळीतून नस जाते, हनुवटीच्या बाजूला हाडातल्या भोकातून बाहेर पडते आणि ओठ-हनुवटीवर पसरते. या नसेला चटका लागला, टोचलं, गार लागलं एवढंच कळवता येतं. ओठ हलवण्याचा कारभार दुसऱ्या नसेकडे. दाढ काढण्याआधीच्या सहीच्या कागदावर हे सगळं लिहिलेलं होतं: शंभरात काही जणांचा ओठ काही काळ बधिर राहतो, कायमचा राहणारे शंभरात एकाहूनही कमी. भुलीचं लिग्नोकेन काही तासांत उतरतं. दाढेची जागा संध्याकाळी ठणकायला लागली, म्हणजे भूल उतरली होती. ओठ मात्र तसाच राहिला.

तोंड वाकडं झालं नव्हतं, बोलणं अडखळत नव्हतं, त्यामुळे माझ्या दुखण्याला साक्षीदार नव्हता. मोंढ्यात भेटलेल्या एकाने काळजीने विचारलं, "अंगावरून वारं गेलं का काय?" मी नाही म्हटलं, तर त्याचा चेहरा जरा उतरलाच. सूज असती तर लोक बसून चहा प्यायले असते. जे नाहीसं झालंय ते दाखवायचं कसं?

त्यात दिवस सीताफळांचे. बालाघाटाच्या डोंगरातल्या आमच्या बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईच्या बाजारात मात्र पाट्या त्याच्या कितीतरी आधीपासून लागतात. सीताफळ खाणं हे ओठांचं काम आहे. गर जिभेवर ठेवायचा, बी ओठांच्या फटीतून बाहेर काढायची. माझी बी निघायची आणि हनुवटीवर जाऊन बसायची. ती तिथे आहे हे घरातल्या सगळ्यांना दिसायचं, मला सोडून. "आरं, पुस की ते," आत्या म्हणायची. मग मी भिंतीकडे तोंड करून खाऊ लागलो.

एवढ्याशा पट्ट्याने एवढा गोंधळ का, याचं उत्तर माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाच्या कामात सापडतं. जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करत त्याने शरीराचा नकाशा मांडला. 1937 साली तो प्रसिद्ध झाला. मेंदूच्या त्या सातबाऱ्यावर पाठीच्या नावे जेमतेम काही गुंठे आहेत आणि ओठांच्या नावे भरली बागायत. ती पडीक पडली की घरमालकाला झोप कुठली? शिवाय भूल दिलेला ओठ मेंदूला मोठा झाल्यासारखा भासतो, हेही आता प्रयोगांनी दिसलं आहे. माझं ते लोंबणं अगदीच मनाचं नव्हतं तर.

आत्याने तरुणपणी उसतोडीचे हंगाम केले. दिवाळी सरली की मुकादमाच्या गाडीत बसून कारखान्याच्या फडावर जायचं, पाडव्याच्या आसपास परतायचं. कोयत्याने पडलेले घट्टे तळव्यावर अजून आहेत. तव्यावरची भाकरी ती बोटांनी उलटते, आणि मला वाटायचं, तिचेही हात असेच बधिर झाले असतील. पण डाळ निवडताना मुगाएवढा खडा तिला न बघता लागतो. कातडं जाड झालंय, खाली नस टक्क जागी आहे. माझं उलटं, वरून गुळगुळीत आणि आत कुणी नाही.

आमच्याच गावच्या दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर पंचीकरण लिहिलं, देह पाच भूतांचा कसा बनला ते सांगायला. त्या हिशेबात स्पर्श वायूचा आणि चव पाण्याची. माझं खातं बरोबर तसंच फुटलं होतं. जिभेची नस वेगळी, तिला धक्का नव्हता. ठेच्याचा तिखटपणा जिभेला पुरेपूर कळायचा, ओठाला त्याची झळ नाही. मला हा हिशेब पटतो, दुरुस्तीसाठी मात्र मी दवाखान्यातच गेलो.

तिथले डॉक्टर डोळे मिटायला सांगत. कापसाचा धागा हनुवटीवरून फिरवत, मग टोकदार काहीतरी. "लागलं? टोचतंय की नुसतं लागतंय?" जिथे उत्तर थांबे तिथे ते पेनाने ठिपका देत, ठिपके जोडले की बधिर मुलुखाची हद्द. नुसती दबलेली नस काही आठवड्यांत शुद्धीवर येते, म्हणाले. आतला धागा तुटला असेल तर तो नव्याने वाढतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. दाढेपासून ओठापर्यंत पाच-सात सेंटिमीटर. ब-12च्या गोळ्या दिल्या आणि गरम चहा उजव्या बाजूने प्यायला सांगितलं.

योगेश्वरीच्या मार्गशीर्षातल्या नवरात्रात गर्दीत उभा असताना हनुवटीत मुंग्या धावल्या. नंतर दाढी करताना विजेसारखी कळ आली, ब्रश हिरडीला लागला की ओठाच्या कडेला झिणझिणायचं. म्हणजे खबर येत होती, फक्त पत्ता चुकत होता. हुरड्याच्या आगटीशी बसलो तेव्हा राखेतून काढलेला गरम दाणा डाव्या ओठाला गरम लागला. चांगलाच.

हनुवटीवर रुपयाएवढी जागा अजून तशीच आहे. त्या एक्स-रेत उजवीकडचीही अक्कलदाढ आहे, तीही आडवी, तिचीही मुळं नळीला टेकलेली. पुढेमागे त्रास दिला तर वरचा भाग कापून मुळं हाडात तशीच ठेवता येतात, असं डॉक्टरांनी समजावलं. मी घरी येऊन ते सविस्तर सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत्ता दुखतीय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे की तिला."