माथेरानचे ओझे

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. आदेश योग्यच होता, पण त्यातली एक गोष्ट मला अजून छळते. माणसाने माणसाला ओढू नये, एवढी साधी गोष्ट ठरायला मुंबईच्या इतक्या जवळच्या गावात स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षे जावी लागली. ही प्रथा कुणापासून लपलेली नव्हती. लाखो पर्यटकांनी ती पाहिली, तिचे फोटो काढले, तिचे भाडे दिले. माझे म्हणणे असे की, माथेरानातल्या मोटारवाहनबंदीचे आपल्याला इतके कौतुक होते की तिची किंमत कोण मोजतो हे कुणी विचारलेच नाही.

इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये डोंगरावर आला, गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात बंगले उठले आणि इथले धनगर, ठाकूर, कातकरी आपल्याच डोंगरावर मजूर झाले. पायथ्याच्या नेरळपासून वर चढायचे तर पायी, घोड्यावर किंवा डोलीत. हे चित्र मोडले ते रेल्वेने. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने १९०४ मध्ये काम सुरू केले आणि १९०७ मध्ये दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी माथ्यावर पोचली. सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. साधारण २० किलोमीटरच्या या मार्गावर काही ठिकाणी २० फुटांना एक फूट असा चढ आहे. एवढे धाडस लोकांची ने-आण करण्यासाठी झाले होते. वाफेचे इंजिन वर आले, तेव्हाच माणसाच्या खांद्यावरचे ओझे उतरवण्याचा मार्ग या गावाला सापडला होता. तो अर्धवट सोडला, ही खरी चूक. गाडी हळूहळू पर्यटकांच्या हौसेची वस्तू झाली. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तो सुरू व्हायला २००७ उजाडले. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर सेवा थांबली आणि पुढचे वर्ष त्यातच गेले. २०१९ च्या पावसाने पुन्हा नुकसान केले, त्यानंतर नेरळपासूनची गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये धावली. एखाद्या शहराला जोडणारा मार्ग इतकी वर्षे बंद राहिला असता तर आंदोलने झाली असती. इथे पर्यटकांची हौस हुकली, एवढीच हळहळ झाली.

रस्त्याने यायचे तर गावाबाहेर दस्तुरी नाक्यावर मोटार थांबते. तिथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीचे, चढउताराचे. तिथे वर्षानुवर्षे घोडा, पाय किंवा हातरिक्षा एवढेच पर्याय होते. शेजारच्या अमन लॉजहून शटल गाडी सुटते खरी, पण रात्रीअपरात्री आलेली म्हातारी किंवा बाळंतीण तिच्यावर विसंबून राहू शकत नाही. परवानाधारक रिक्षा अवघ्या ९४, म्हणजे प्रश्न फार मोठ्या संख्येचाही नव्हता. एवढ्या कुटुंबांना दुसरी साधने द्यायला सरकारला अडचण काय होती? रिक्षा ओढणाऱ्यांचीच मागणी होती की आम्हाला ई-रिक्षा द्या. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, तोही न्यायालयाच्या परवानगीने. हेच गाव हुतात्मा भाई कोतवालांचे जन्मगाव. शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या उभारणारा हा वकील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीने गेला. त्यांच्या नावाचे कार्यक्रम होत राहिले आणि गाडा ओढणाऱ्याच्या परवान्याचे वर्षानुवर्षे नूतनीकरण होत राहिले. याची मला चीड येते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. आज ई-रिक्षा, उद्या सिमेंटचे रस्ते, परवा मोटारी, आणि मग २००३ मध्ये मिळालेला पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा दर्जा कागदावर उरेल. हा धोका मला मान्य आहे. लोणावळ्याचे काय झाले ते डोळ्यांसमोर आहे. पण उत्तर संख्येच्या आणि परवान्याच्या कडक मर्यादेत शोधावे; गरिबाच्या फुप्फुसांवर जंगल राखू नये. दुसरा आक्षेप घोडेवाल्यांचा आहे. त्यांचे पोट पर्यटकांवर आहे, त्यांना वाऱ्यावर सोडून चालणार नाही. सहलीच्या स्थळांसाठी घोडे आणि गावात ये-जा करण्यासाठी ई-रिक्षा अशी वाटणी करता येईल. तिसरा आक्षेप पैशाचा: घाटातली छोटी रेल्वे तोट्यातच चालणार. चालू द्या. डोंगरातल्या एसटीकडून आपण नफा मागत नाही. शटलच्या फेऱ्या शाळा, बाजार आणि दवाखान्याच्या वेळा पाहून ठरवाव्यात, स्थानिकांना नाममात्र पास द्यावा, दरडींवर पावसाळ्याआधी काम करावे आणि उरलेल्या वाटा ई-रिक्षांनी जोडाव्यात.

माथेरानात एकही इंजिन फिरू नये, असे मलाही वाटत आले आहे, आणि ती शांतता प्रिय असल्याने ई-रिक्षांची रांग मनाला अजूनही बोचते. तरीही त्या शांततेसाठी कुणाला पुन्हा गाड्याला जुंपणार असतील तर ती शांतता मला नको. आदेश निघाला, पण रिक्षावाल्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना सरकारने राबवली नाही, तर आदेशाने त्यांचा रोजगार तेवढा जाईल. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असे न्यायालयाने बजावले आहे. आता ९४ जणांपैकी किती जणांच्या हाती ई-रिक्षाचे हँडल आले, याचा हिशेब माथेरानला जाणाऱ्या प्रत्येकाने मागावा.