पुलाच्या गावी एक दिवस

आमच्या गावाचे नाव हळ्ळीखेड. कन्नडमध्ये 'हळ्ळी' म्हणजे खेडे आणि मराठीत 'खेड' म्हणजेही खेडेच. त्यापुढे कंसात जो 'बी' लिहितात, तो 'बुजुर्ग' या फारसी शब्दाचा, म्हणजे थोरले. तीन भाषा एकत्र आल्या आणि त्यांनी मिळून सांगितले काय, तर 'थोरले खेडेखेडे'! बदलीच्या गावी कोणी नाव विचारले की मी हा विनोद हमखास सांगत असे. सीमेवरच्या माणसाला आपल्या गावाच्या नावाची फोड करून सांगण्याची खोडच असते म्हणा ना. म्हणूनच गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत म्युनिकला चिरंजिवांच्या घरी बसलो असताना, "उद्या गाडीने इन्सब्रुकला जाऊन येऊ. सकाळी निघायचे, रात्री घरी," असे ते म्हणाले, तेव्हा माझा पहिला प्रश्न "म्हणजे काय?" असाच होता. 'इन' ही नदी आणि 'ब्रुक' म्हणजे पूल. इन नदीवरचा पूल, बस्स! आल्प्सच्या कुशीतल्या एवढ्या नामांकित शहराचे नाव इतके साधे निघाले, याचे मला मनोमन बरे वाटले.

मी सरकारी शाळेचा मुख्याध्यापक. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. परदेशी जाण्यासाठी खात्याची परवानगी काढून आम्ही उभयता प्रथमच एवढ्या दूर आलो होतो. प्रवास म्हटला की पहाटे उठून, देवाला हात जोडून, पाण्याचा तांब्या भरून निघायचे ही आमची रीत. येथे मात्र सारे निवांत. चहा झाला, दुसरा चहा झाला. सूनबाईंनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. दह्याचे भांडे सौभाग्यवतींनी कोणाच्याही हवाली न करता स्वतःच्या मांडीवर घेतले. पाच वर्षांची नात आपल्या उंच आसनात पट्ट्यांनी जखडून बसली आणि साडेआठला गाडी हलली.

म्युनिकहून इन्सब्रुकला जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक इन नदीच्या खोऱ्यातून जाणारा, रुंद आणि सपाट. दुसरा गार्मिश आणि मिटेनवाल्ड या गावांवरून डोंगर ओलांडणारा. जाताना डोंगराचा धरावा आणि येताना खोऱ्याचा, असे ठरले. जर्मनीतल्या हमरस्त्यांवर काही भागांत वेगाला मर्यादाच नाही. आमची गाडी आमच्या मते वाऱ्यासारखी चालली होती, पण डाव्या बाजूने इतर गाड्या अशा निघून जात होत्या की आपण थांबलो आहोत की काय, अशी शंका यावी. सौभाग्यवती डोळे मिटून बसल्या. त्यांनी ते उघडले तेव्हा समोर जर्मनीतले सर्वांत उंच शिखर, २,९६२ मीटरचे त्सुगश्पिट्से, बर्फ पांघरून उभे होते. "हे खरे आहे?" एवढेच त्या म्हणाल्या. मिटेनवाल्डला आम्ही चहापुरते थांबलो. हे व्हायोलिन बनवणाऱ्यांचे गाव. मातियास क्लोट्झ नावाच्या कारागिराने सतराव्या शतकात येथे ही कला रुजवली आणि आजही ती तेथे नांदते आहे.

त्यानंतर आली सीमा. मी सरसावून बसलो, पारपत्रे चाचपली. आली म्हणेपर्यंत ती मागेही पडली! रस्त्याच्या कडेला एक निळी पाटी, तीवर ताऱ्यांचे वर्तुळ आणि आत ऑस्ट्रियाचे नाव. संपले. १९९८ पासून येथली चौकी उठली आहे, असे चिरंजीव म्हणाले. अलीकडे भाषा जर्मन, पलीकडेही जर्मन. आमच्या बिदर जिल्ह्याचे १ नोव्हेंबर १९५६ रोजी तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि उरलेले आम्ही म्हैसूर राज्यात. सोयरीक मात्र कोणी वाटून घेतली नाही. माझी आत्या उदगीरला, मावशी जहिराबादकडे. तेव्हा सीमा ओलांडणे मला नवे नव्हते. तरीही ती निळी पाटी मागे पडताना मी दोनदा वळून पाहिले.

पुढे त्सिर्लर बेर्ग नावाचा उतार लागतो. शंभर फुटांमागे सोळा फूट खाली जाणारा तो रस्ता पाहून ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी कडेला वाळूच्या वाटा का काढल्या असतील, हे सांगावे लागत नाही. खाली इनचे खोरे उलगडले. तेव्हा माझ्यातल्या शिक्षकाने चिरंजिवांना इन्सब्रुकची उंची विचारली. ती निघाली ५७४ मीटर, म्हणजे एकोणीसशे फुटांच्या आतच. आमचे बिदर सव्वादोन हजार फुटांवर आहे! "म्हणजे आपण आल्प्समध्ये उतरून आलो," सौभाग्यवती म्हणाल्या. आयुष्यभर बिदरच्या पठाराला 'गाव' म्हणत आलो आणि आल्प्सच्या शहराला 'डोंगर'. फरक एवढाच की इन्सब्रुकच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी सात-साडेसात हजार फुटांच्या भिंती उभ्या आहेत. रस्त्याच्या टोकाला बर्फ दिसते, आणि खाली माणसे सदऱ्याच्या बाह्या सारून आइसक्रीम खात असतात.

गाडी एका तळघरात ठेवून आम्ही पायी निघालो. जुन्या शहराच्या चौकात ते प्रसिद्ध सोनेरी छत आहे. सम्राट पहिला माक्सिमिलियन याच्यासाठी ते १५०० साली पुरे झाले. एका सज्जावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची २,६५७ कौले. सम्राटाने खालचे खेळ पाहावेत म्हणून हा खटाटोप. छत सुंदर आहे, नाही म्हणवत नाही. परंतु मनाशी हिशेब झालाच. त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी, १४७२ साली, बिदरमध्ये महमूद गवानाने आपला मदरसा उभारला होता. त्याच्या भिंतींवरही चकाकणाऱ्या रंगीत फरशा होत्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने त्याचा बराच भाग उडाला. एकाने खेळ पाहण्यासाठी सज्जा बांधला, एकाने शिकण्यासाठी शाळा. शाळामास्तराचे माप कोणत्या बाजूला झुकले, हे सांगायला नकोच. छताखाली मात्र छायाचित्र काढून घेतले.

मारिया थेरेसिया रस्त्यावर संत ॲनाचा स्तंभ आहे. १७०३ साली बव्हेरियाचे सैन्य तिरोलमध्ये घुसले होते. ते संत ॲनाच्या सणाच्या दिवशी मागे हटले, त्याची ही आठवण. बव्हेरिया म्हणजे ज्याच्या राजधानीतून आम्ही सकाळी दही घेऊन निघालो, तेच! १८०९ साली आन्ड्रेआस होफर नावाच्या खाणावळवाल्याने बेर्गइझलच्या टेकडीवर पुन्हा त्याच बव्हेरियनांशी आणि फ्रेंचांशी झुंज घेतली. आज त्या टेकडीवर बर्फावरून उडी मारण्याचा मनोरा आहे. १९६४ आणि १९७६ असे दोनदा येथे हिवाळी ऑलिंपिक झाले. आणि आता दर शनिवारी म्युनिकच्या गाड्यांची रांगच्या रांग येथे जेवायला येते.

दुपारी राजवाड्याजवळच्या बागेत एका बाकावर आम्ही फडके सोडले. शेजारी वृद्ध मंडळी जमिनीवरच्या भल्यामोठ्या पटावर गुडघ्याएवढ्या सोंगट्या दोन्ही हातांनी उचलून बुद्धिबळ खेळत होती. इतक्यात हळ्ळीखेडहून आईचा फोन आला. तिकडे साडेचार वाजले होते. आई ऐंशीच्या पुढची, कानाने थोडी कमी. त्यामुळे आमचे संभाषण सगळ्या बागेने ऐकले. "काय करलालास रे?" तिने विचारले. "जेवायला बसलो आहोत," मी म्हणालो. बोलणे संपले तसे, पलीकडच्या बाकावरच्या एक पांढऱ्या केसांच्या बाई हसून नातीला काहीतरी म्हणाल्या. 'ग्रीअस दि' असे मला ऐकू आले. नात माझ्याकडे वळली आणि गंभीरपणे म्हणाली, "आजोबा, ह्या चुकीचे बोलतात. पणजीसारखे."

घास माझ्या हातातच राहिला.

कारण हे वाक्य तिचे नव्हते, माझे होते. आदल्या आठवड्यात पणजीचे ऐकून तिने आईला "काय करलालीस?" असे विचारले होते आणि मी लगेच म्हणालो होतो, "तसे नाही बाळा, ते चुकीचे आहे. 'काय करतेस' म्हणावे." तेहतीस वर्षे मी हेच केले आहे. आमच्याकडची मुले 'जायलालो' लिहितात, मी त्यावर तांबडी रेघ ओढून 'जात आहे' लिहितो. मराठीत एम.ए. केल्यावर पुण्याच्या एका नातलगांकडे पाहुणा गेलो होतो, तेव्हा माझ्या तोंडून असेच एक क्रियापद निसटले आणि घरभर हशा पिकला. त्या दिवसापासून मी घरात एक आणि दारात एक बोलू लागलो. पुढे घरातलेही सोडले. आईशी बोलतानाही मी प्रमाण मराठीत उत्तर देतो, हे त्या बागेत प्रथमच माझ्या कानांना ऐकू आले.

चिरंजिवांनी लेकीला समजावले की हे चुकीचे नाही, हे तिरोलचे जर्मन आहे. पुस्तकात ते वेगळे लिहितात, घरात आणि बाजारात असे बोलतात. बाईंना काय चालले आहे ते कळले. त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांनी तेच शब्द आणखी ठासून, 'क'चा उच्चार घशातून खरवडत, नातीला म्हणून दाखवले. पोरगी खिदळू लागली. एक धपाटा बाईंच्या हातात गेला, बोलणे वाढले, आणि चिरंजीव दुभाषे झाले.

बाईंची आई ब्रेनर खिंडीच्या पलीकडची. ही खिंड येथून गाडीने अर्ध्या तासावर. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या तहाने तिरोलचा दक्षिण भाग इटलीकडे गेला. पुढे मुसोलिनीच्या राजवटीत तेथल्या जर्मन शाळा एकेक करून बंद झाल्या. मग मिखाएल गाम्पर या धर्मगुरूच्या प्रेरणेने लोकांनी चोरून शाळा चालवल्या. कोणाच्या माडीवर, कोणाच्या गोठ्यात, मुलांना चार-पाचच्या गटांनी बोलवायचे आणि अक्षरे गिरवून घ्यायची. 'भुयारातल्या शाळा' असे त्यांना म्हणत. शिकवणाऱ्या बहुधा तरुण मुली. पकडल्या गेल्या तर दंड, तुरुंग, हद्दपारी. बाईंची आई अशाच एका शाळेत शिकली. घरी जाताना पाटी परकराखाली लपवायची, असे ती सांगे. १९३९ साली हिटलर आणि मुसोलिनी यांनी तेथल्या लोकांपुढे पर्याय ठेवला, भाषा हवी तर गाव सोडा, गाव हवे तर भाषा. हजारो कुटुंबे निघाली, त्यांत त्यांचे कुटुंब. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ पासून, तेथे जर्मन शाळा पुन्हा उघडपणे भरतात. बाई वर्षातून एकदा आईचे गाव पाहून येतात.

माझ्या वडिलांचे शिक्षण निजामी अमलात उर्दूतून झाले. मराठी ते घरी आजोबांकडून शिकले, तेही मोडीतून. त्याची तुलना मी गोठ्यातल्या शाळेशी करणार नाही. आणि आज तर कर्नाटक सरकारच मला मराठी शिकवण्याचा पगार देते, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. आमच्याकडे मराठी वर्गाचा पट घटतो आहे तो कोणाच्या दंडुक्याने नव्हे. पालक इंग्रजी शाळेची पिवळी बस दारात बोलावतात, आणि माझा स्वतःचा मुलगा म्युनिकमध्ये आहे. पण त्या परकराखालच्या पाटीवर त्या शिक्षिकेने तांबडी रेघ किती वेळा ओढली असेल, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मी बाईंना तो विचारलाही. त्या म्हणाल्या, आईने तसे कधी सांगितले नाही.

संध्याकाळी थोडे नदीकाठी बसलो. मे महिन्यात डोंगरावरचे बर्फ वितळत असल्याने इनचे पाणी दुधाळ हिरवे, फुगलेले आणि घाईत असते. पाण्यात हात घालून सौभाग्यवतींनी तो लगेच मागे घेतला. पुलाचे गाव म्हणून पुलावरून पलीकडे गेलो आणि परत आलो. तारेच्या डब्यातून वर डोंगरावर जाण्याचे भाडे ऐकून मी गुडघेदुखीचे निमित्त पुढे केले. ते सर्वांनी समजुतीने मान्य केले. गाडीकडे जाताना रेल्वे स्थानकासमोरच्या चौकाची पाटी चिरंजिवांनी वाचून दाखवली, 'दक्षिण तिरोल चौक'. सकाळी याच चौकातून गेलो होतो, तेव्हा कोणी वाचली नव्हती.

परतीचा रस्ता खोऱ्याचा, कुफश्टाइनवरून. जर्मनीत शिरताना मात्र पोलीस उभे होते. २०१५ पासून परतीच्या बाजूला तपासणी असते. एका तरुण शिपायाने वाकून आत पाहिले. सौभाग्यवतींच्या मांडीवरच्या रिकाम्या भांड्यावर त्याची नजर क्षणभर थांबली आणि त्याने हात हलवला. बाहेर अजून उजेड होता. नात पेंगत होती. गाडीने वेग घेतला तसे तिने अर्धवट डोळे उघडले आणि विचारले, "आजोबा, आपण कुठे जायलालो?"

चिरंजिवांनी आरशातून माझ्याकडे पाहिले.

"घरी जायलालो," मी म्हणालो.