नाल्याची लांबी

वाशीम जिल्हा 1998 साली झाला. ही गोष्ट त्याआधीची, रिसोड तालुका अकोल्यात होता तेव्हाची. मी नवाच भूकरमापक. मोजणीच्या गटाला तीन बाजूंनी बांध, चौथ्या बाजूला पैनगंगेला मिळणारा नाला. जुन्या टिपणावरून नाल्याची बाजू काढली, बारा साखळ्या. शंकू साखळी 33 फुटांची, म्हणजे 396 फूट. कुंपणाच्या तारेसाठी विचारणाऱ्या शेतकऱ्याला आकडा सांगून मोकळा झालो. आठ दिवसांनी तो कचेरीत हजर. "साहेब, तार कमी पडली ना! रातूनच नाला वाढला काय?"

त्यानं काठाच्या वळणावळणानं, दर दहा फुटांवर खांब रोवले होते. पाच फुटी काठी घेऊन मीही निघालो. बाभळीच्या मुळाशी काठ आत गेलेला, गुरं पाण्यावर उतरतात तिथं खचलेला. साखळीनं हे सगळं एका ढांगेत ओलांडलं होतं. काठीनं 470 फूट भरले. वितेनं मोजलं असतं तर आणखी.

पुढं कधीतरी लुईस रिचर्डसनबद्दल वाचलं. युद्धांचा अभ्यास करताना त्याला स्पेन-पोर्तुगालची एकच सरहद्द एकीकडं 987, तर दुसरीकडं 1214 किलोमीटर नोंदलेली सापडली. भाऊबंदकीतला बांधच म्हणा ना! याच धाग्यावरून 1967 साली गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉटनं विचारलं, ब्रिटनचा किनारा किती लांब? पट्टी जितकी लहान, तितका लांब. पश्चिम किनाऱ्याची मिती त्यानं 1.25 दिली, म्हणजे रेषेहून जास्त, पृष्ठभागाहून कमी. अशा आकारांना 1975 मध्ये फ्रॅक्टल हे नाव मिळालं.

गंमत म्हणजे माझं क्षेत्र चुकलं नव्हतं. लंब टाकून काढलेल्या क्षेत्रात काठाचं आतबाहेर बरंचसं फिटून जातं. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, नाल्याची लांबी नसते, ते बरंच आहे. साखळीवरच्या आणा-अर्धा आण्याची चूक मोजणीत खपते. हवामानात खपत नाही. 1961 साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झनं संगणकाला 0.506127 ऐवजी 0.506 दिलं, आणि संगणकातलं पुढचं सगळं हवामानच पालटलं. मृगावर विसंबून दुबार पेरणी केलेल्याला यात नवल वाटणार नाही.

आता हातात यंत्रं आलीत, तरी नव्या मोजणीवाल्यांना एक सांगणं आहे. नाल्याची लांबी कुणी विचारली, तर आधी 'कशाला?' म्हणून विचारा. तारेसाठी हवी असेल, तर नकाशा मिटा आणि खांबांच्या अंतराएवढी काठी घेऊन काठानं चाला.