तेराव्या महिन्याचा चंद्र

२०२३च्या ऑगस्टमध्ये माझ्या फोनवर चंद्राशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. २३ तारखेला चांद्रयान-३ उतरलं, ऑफिसच्या ग्रुपवर दोन दिवस तिरंगे फडकले. आठवडा उलटायच्या आत ‘सुपर ब्लू मून’च्या रील्स सुरू झाल्या. ३० ऑगस्टच्या रात्री कागदावर इच्छा लिहून तो उशीखाली ठेवा. आज लावलेलं रोप दुप्पट वाढतं. चंद्र निळा दिसेल, चुकवू नका. (निळा दिसत नाही. १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर हवेतल्या धुळीमुळे लोकांना खरोखर निळा चंद्र दिसला होता. तशी धूळ हवेत असणं ही काही मागून घ्यायची गोष्ट नाही.)

त्याच महिन्यात त्याच फोनवर तात्यांचे कॉल येत होते. तात्या म्हणजे माझे चुलते. पुरंदर तालुक्यात आमची तीन एकर आहे, ती तेच कसतात. आजोबा गेल्यापासून आजी आमच्याकडे धायरीला असते, म्हणून तात्या रोज संध्याकाळी तिला फोन करतात आणि तिला नीट ऐकू येत नसल्यामुळे तो स्पीकरवर लागतो. त्यामुळे आमच्या हॉलमध्ये त्या वर्षी संपूर्ण खरीप हंगाम ऐकू आला. मृग कोरडा गेला. पाऊस मुंबईत पोचायलाच २५ जून उजाडला. मग पुरंदरमध्ये जेमतेम भुरभुर झाली, तात्यांनी वाटाणा टाकला, तो उगवला, फुलावर आला आणि ऑगस्टमध्ये पावसाने जी दडी मारली ती मारलीच. नंतर हवामान खात्याचे आकडे आले: देशासाठी तो १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस.

आणि त्या वर्षी श्रावण दोन होते. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण, मग निज श्रावण. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकले होते. तिचा अर्थ शब्दशः तेरावा महिना असा आहे, हे मला सत्तावीस वर्षांची झाल्यावर कळलं.

थोडं गणित सांगते. बारा चांद्रमहिन्यांचे दिवस होतात साधारण ३५४. सूर्याचं वर्ष ३६५चं. दरवर्षी ११ दिवस मागे राहतात. ते तसेच राहू दिले तर दिवाळी सरकत सरकत उन्हाळ्यात येईल. म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जास्तीचा महिना घालतात. तो कोणी मनाने घालत नाही. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. सरळ कंडिशन आहे, माझ्या कामातल्या कित्येक नियमांपेक्षा स्वच्छ. १९ वर्षांत असे ७ महिने येतात, कारण १९ वर्षांत चंद्राचे फेरे होतात २३५ आणि एकोणीस बारे २२८.

आता ब्लू मून. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. १९ वर्षांत पौर्णिमा २३५, कॅलेंडरचे महिने २२८. उरल्या ७. म्हणजे हे तेच गणित आहे, तीच बाकी आहे. इंग्रजी कॅलेंडरने महिन्यांचा चंद्राशी संबंध तोडून टाकलाय, त्यामुळे ती बाकी कुठेतरी पानावर सांडते आणि लोक तिला निळा चंद्र म्हणून मिरवतात. आपल्याकडे ती बाकी जमाखर्चात धरून तिचा पूर्ण महिना करतात आणि त्याला नावं ठेवतात: मलमास, धोंडा. पुरुषोत्तम मास हे नाव बहुधा समजूत काढण्यासाठी असावं.

गंमत म्हणजे ब्लू मूनची ही व्याख्या फार जुनी नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शेतकऱ्यांच्या एका पंचांगात वेगळा नियम होता: एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर त्यातली तिसरी निळी. १९४६ साली जेम्स ह्यू प्रुएट नावाच्या लेखकाने ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात लिहिताना त्याचा अर्थ ‘महिन्यातली दुसरी’ असा लावला. १९८०मध्ये ते अमेरिकन रेडिओवर गेलं आणि जगभर पसरलं. मासिकाने १९९९मध्ये चूक कबूल केली, तोवर उशीर झाला होता. जुन्या नियमाने पाहिलं तर ऑगस्ट २०२३मधला चंद्र निळा नव्हताच. निळा होता १९ ऑगस्ट २०२४चा, आणि त्या रात्री तर रील्स टाकणारे बहुतेक झोपले होते.

मला खरी मजा वाटली ती पुढच्या गोष्टीची. ऑगस्ट २०२३मध्ये पहिली पौर्णिमा अधिक श्रावणाची. आपल्या घड्याळाने तिचा क्षण १ तारखेची रात्र संपून मिनिटभर उलटल्यावर आला. दुसरी पौर्णिमा ३१ तारखेला सकाळी सातच्या सुमारास, निज श्रावणाची, म्हणजे आपली नारळी पौर्णिमा. जगाने ज्याला जास्तीचा चंद्र म्हटलं तो आपला ठरलेला, राखीचा चंद्र होता. जास्तीचा होता तो आधीच येऊन गेला होता. त्याच्यावर एकही रील नव्हती.

पण आमच्या घरात त्या जास्तीच्या महिन्याला किंमत होती. तात्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत झालेलं, म्हणजे जावयाचा पहिला धोंडा. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तांब्याच्या ताम्हणात ३३ अनारसे नाहीतर बत्तासे आणि दिवा ठेवून द्यायचं. जाळीदार पदार्थच का, आणि ३३च का, याची उत्तरं घराघरांत वेगळी मिळतात. मला आवडलेलं उत्तर असं: वर्षाला ११ दिवस मागे राहतात, तीन वर्षांचे ३३. जावयाच्या ताटात आपण कॅलेंडरची थकबाकी वाढतो. बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “दाजींना नको सांगूस, ते व्याज मागतील.”

ती चेष्टाच होती, पण अगदी बिनबुडाची नव्हती. दाजींच्या घरून कोणी काही मागितलं नव्हतं. “आमचं काही म्हणणं नाही, पण पहिला धोंडा आहे,” एवढंच फोनवर म्हणाले होते. या वाक्याचा अर्थ लावायला शब्दकोश लागत नाही. आमच्या भावकीत पहिल्या धोंड्याला अंगठी घालायची पद्धत पडली आहे. तात्या वाटाण्याच्या पैशांवर अवलंबून होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी बाबांकडे उसने मागितले. बाबा हो म्हणणार होते. बाबा नेहमीच हो म्हणतात.

आजी मात्र स्पीकरवरून सगळं ऐकत होती. म्हणाली, “आधिकात देवाला तेहतीस द्यायाचं आसतं. अंगठी कोणत्या पंचांगात लिवलीया?” मग माझ्याकडे वळून, “बघ गं तुझ्या फोनात.” मी बघितलं. दान, दीप, ताम्हण, अनारसे, बत्तासे, सगळं सापडलं. सोन्याच्या अंगठीचा उल्लेख सापडला तो फक्त सराफांच्या जाहिरातींत. आजीने तात्यांना सांगितलं, पाहुण्यांना बोलव, पुरण घाल, ताम्हण दे. अंगठी पीक आल्यावर. “धोंडा हाय त्यो, दुसरं लगीन न्हाई.”

तिने म्हणीचा अर्थही तेव्हाच सांगितला. तिच्या लहानपणी कणगीतलं धान्य खळ्यापासून खळ्यापर्यंत पुरवायचं असे. बाया महिन्याला किती पायल्या, असा हिशेब धरायच्या. बाराचा हिशेब आणि महिने तेरा, म्हणजे शेवटच्या महिन्यात कणगीचा तळ. वर त्याच महिन्यात जावई जेवायला. “पाऊस बरा आसंल तर तेरावा म्हैना कुनाला कळत बी न्हाई,” ती म्हणाली. मी १९७२चं विचारलं, तर तिला अधिक महिना आठवत नव्हता. सुकडी आणि खडी फोडणं आठवत होतं. नंतर शोधलं: त्या वर्षी अधिक वैशाख होता.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आजीचे सहा क्रेट आणि एक कापलेला ड्रम आहे. मेथी, कोथिंबीर, अळू, एक वालाचा वेल. धायरी २०१७मध्ये महापालिकेत आली. इथे मळ्यांची नावं बसथांब्यांवर राहिली आहेत आणि मळ्यांवर टॉवर उभे आहेत. गच्चीवरून सिंहगड दिसतो, अधूनमधून दोन इमारतींच्या मध्ये कोणाचा तरी राहिलेला कडवळाचा तुकडा दिसतो. गच्चीवर बाग करणाऱ्या आमच्या शेजारीण काकू चंद्रावर बाग करतात. त्यांच्याकडे बायोडायनॅमिक शेतीचं कॅलेंडर आहे: चढत्या चंद्रात पालेभाज्या, उतरत्या चंद्रात कंद. जर्मनीत मारिया थुन या बाईंनी अनेक वर्षं पेरण्या करून हे वेळापत्रक बसवलं. मुळं १९२४ सालच्या रुडॉल्फ स्टायनरच्या व्याख्यानांत आहेत.

मी आजीला विचारलं, तुम्ही असं काही करायचा का? मला वाटलं होतं ती हो म्हणेल. आपण ‘नक्षत्रावर पेरणी’ म्हणतो, म्हणजे चंद्राचंच काहीतरी असणार असं मी धरून चालले होते. ती म्हणाली, “चांदाचा आन् पेरनीचा काय समंध? मिरगाची पेरनी.” आणि मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रं चंद्राची नाहीतच. ती सूर्याची आहेत. चंद्र एका नक्षत्रातून साधारण दिवसभरात निघून जातो, सूर्य तेरा-चौदा दिवस राहतो. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, अधिक महिना असो वा नसो. ज्येष्ठ, आषाढ हे चांद्रमहिने जवळपास महिनाभर मागेपुढे होतात; त्यांच्यावर पेरलं तर फसगत. तर आजीकडे दोन घड्याळं आहेत. सण, उपास, जावई चंद्रावर. बियाणं सूर्यावर. शाळेत न गेलेली ही बाई दोन टाइमझोन एकमेकांत न मिसळता वापरते, आणि माझ्या टीमला अजून ते नीट जमत नाही.

काकूंची पद्धत मी तरीही करून पाहिली. एका क्रेटमध्ये शुक्ल पक्षात मेथी, दुसऱ्यात कृष्ण पक्षात. दोन्ही चौथ्या दिवशी उगवल्या. त्यानंतर कबुतरांनी दोन्ही पक्षांना समान न्याय दिला. अर्थात दोन क्रेट म्हणजे प्रयोग नव्हे. २०२०मध्ये स्पेनमधल्या काही संशोधकांनी ‘अ‍ॅग्रॉनॉमी’ या नियतकालिकात आजवरचं साहित्य तपासलं होतं; चंद्राच्या कलांमुळे पिकाच्या वाढीत फरक पडतो याला विश्वासार्ह पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. पौर्णिमेचा उजेड उन्हाच्या सुमारे चार लाखांश. समुद्राला भरती आणणारी ओढ कुंडीतल्या पाण्यावर नगण्य असते. काकूंना मी हे सांगितलं नाही. त्यांची अळूवडी उत्कृष्ट असते.

तात्या मात्र चंद्र बघतात, आणि कारणं अगदी व्यवहारी आहेत. शेतीची थ्री-फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी उजेड्या पंधरवड्यात आली तर बांधावरून चालताना पायाखालचं दिसतं. अंधारात आली तर बॅटरी, काठी आणि बिबट्याची धास्ती. दुसरं अळीचं. ते म्हणतात, अमावस्येच्या आसपास पतंग अंडी घालतात, तेव्हा शेंगांवर लक्ष ठेवायचं. यातला अंड्यांचा भाग मी तपासू शकत नाही, पण चांदण्या रात्री प्रकाश सापळ्यात पतंग कमी येतात, हे कीटकशास्त्रातलं जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे.

२०२३मध्ये वीज होती, चांदणं होतं. विहिरीत पाणी नव्हतं. नारळी पौर्णिमेला तात्यांचा फोन आला तेव्हा त्यांच्याकडेही ढग होते म्हणे, पण पांढरे, कोरडे. वाटाण्यात त्यांनी शेळ्या सोडल्या होत्या. सप्टेंबरात पाऊस आला, तेव्हा त्याचा उपयोग ज्वारीला झाला. ३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात पुरंदर होता.

धोंडा आजीने सांगितल्याप्रमाणेच झाला होता. ३३ अनारसे काकींनी घरी केले, त्यातले चार तुपात विरघळले, म्हणून बत्तासे घालून संख्या भरली. दाजी पोटभर जेवले, हसले, ताम्हण घेऊन गेले. त्यांच्या घरी ताम्हण बघून कोण काय म्हणालं ते बहिणीने मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. आजीने तात्यांचे पैसे वाचवले हे खरं. त्याची फेड सासरी माझ्या बहिणीने केली हेही तितकंच खरं. आजीला ते सांगितलं तेव्हा ती बराच वेळ वाल सोलत राहिली. मग म्हणाली, “अंगठी घातली आसती तर फुडच्या धोंड्याला चेन मागितली आसती.” मला हे पटलं आहे का, अजून ठरवता आलेलं नाही.

आता धाकटीचं बघताहेत. तात्यांनी मध्यंतरी मलाच फोन केला, स्पीकर नको म्हणाले. पुढचा अधिक कधी, हे त्यांना हवं होतं. मी सांगितलं: १७ मे ते १५ जून २०२६, अधिक ज्येष्ठ. त्यातच ३१ मेला ब्लू मून आहे, म्हणजे या खेपेला जगाचा जास्तीचा चंद्र आणि आपला जास्तीचा चंद्र एकच, हेही मी उत्साहाने सांगितलं. तात्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी विचारलं, “आणि त्याच्या पुढचा?”

“२०२९. अधिक चैत्र, मार्चच्या मध्यापासून.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, “मग धाकटीचं लग्न जून संपल्यावरच धरू. तीन वर्षं मिळतील.”