रंगाखालचा तडा

आमच्या घराच्या पडवीत एक जुनी मोटरसायकल उभी असते. ती आमच्या तीर्थरूपांची 350 सी.सी.ची बुलेट होय. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी नव्या बुलेट असतील. परंतु आमच्या गाडीचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी आहे एवढे सांगितले, म्हणजे तिच्या वयाची कल्पना येईल. ही जात मूळची इंग्लंडातील रेडिच गावची. 1955 साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली, आणि पुढे ही गाडी आपल्याच देशात तयार होऊ लागली. तीर्थरूपांनी ती 1974 साली जुनी विकत घेतली आणि स्वतःच्या हातांनी पुसून नव्यासारखी केली.

जुन्या काळी बहुतेक मोटरसायकलींचे मागील चाक सांगाड्यास घट्ट जखडलेले असे, व रस्त्याचा प्रत्येक खळगा थेट स्वाराच्या कण्यास कळे. 1949 साली बाजारात आलेल्या बुलेटचे मागील चाक मात्र वरखाली हलणाऱ्या एका लोखंडी चिमट्यात बसविलेले होते. या चिमट्याच्या दोन बाजूंस दोन शॉकअप असतात. त्यांची खालची टोके चिमट्यास आणि वरची टोके बैठकीखालच्या नळ्यांस जोडलेल्या लोखंडी कानांस अडकविलेली असतात. कान दिसावयास दोन बोटांएवढे. परंतु मागे बसणाऱ्याचा सारा भार या दोन कानांवरच असतो. आमची कथा त्यांपैकी डाव्या कानाची आहे.

1981 साली आम्ही नववीत होतो. तीर्थरूप कामानिमित्त एस.टी.ने पंढरपुरास गेले असता आम्ही त्यांस न विचारता गाडीची किल्ली उचलली. एका मित्रास कुंभारीजवळच्या शेतावरून जोंधळ्याचे पोते घरी आणावयाचे होते. मित्र मागे, मित्रामागे पोते, आणि पुढे आमची स्वारी, अशा थाटात आम्ही अक्कलकोट रस्त्याने सोलापुराकडे निघालो. एका मोठ्या खड्ड्यात चाक गेले, कडाड् आवाज झाला आणि गाडी एका कुशीस कलली. उतरून पाहतो तो डावा कान वाकलेला आणि त्याच्या मुळाशी नळी फाटलेली!

रस्त्याकडेच्या एका दुकानात अर्ध्या तासात वेल्डिंग झाले. फाटलेल्या जागी लोखंडाचा एक ओबडधोबड गोळा बसला. आम्ही बाजारातून काळ्या रंगाची डबी आणली, दोन हात दिले, वर धूळ चोळली, आणि गाडी होती तेथे उभी केली. तीर्थरूप परत आले. त्यांनी काही विचारले नाही. आम्ही काही सांगितले नाही.

पुढच्याच महिन्यात मातोश्रींस मागे बसवून ते तुळजापुरास निघाले. सोलापुराहून तुळजापूर सुमारे 45 किलोमीटर, आणि शेवटी घाट. त्या दिवशी सायंकाळी गाडीचा ओळखीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत आम्ही ओसरीवरून हललो नाही. अशा किती तरी संध्याकाळी गेल्या. तरीही सत्य सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. पुढे दिवस गेले, भय बोथट झाले, आणि ती गोष्ट आम्ही विसरलो. निदान विसरल्याचे स्वतःस पटविले.

तीर्थरूपांच्या पश्चात गाडी बरीच वर्षे ताडपत्रीखाली होती. गेल्या वर्षी आमच्या कन्येने आजोबांच्या गाडीवर बसण्याचा हट्ट धरला, तेव्हा आम्ही ती एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 साली उभी राहिली, आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांच्या भोंग्यांवर हे शहर पिढ्यान्‌पिढ्या उठले व झोपले. आमचे मिस्त्री अशाच एका गिरणीच्या फिटिंग खात्यात शिकलेले. भोंगे बंद पडले. त्यांच्या हातातील कानस मात्र अद्याप थांबलेली नाही.

त्यांनी प्रथम बॅटरी सोडविली, पेट्रोलची टाकी दूर नेऊन ठेवली, आणि मग बैठक, चाक व शॉकअप उतरविले. डाव्या कानाशी येताच त्यांचा हात थांबला. तारेच्या ब्रशाने रंग खरवडून त्यांनी ती जागा घासलेटाने भिजविली, कोरडी पुसली आणि वर खडूची पूड टाकली. थोड्याच वेळात पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक काळी रेघ उमटली. तड्यात मुरलेले घासलेट बाहेर येऊन त्यानेच तड्याची वाट दाखविली होती. ती रेघ गोळ्याच्या कडेपासून नळीच्या जवळजवळ अर्ध्या घेरापर्यंत गेली होती.

"हे काम कुणी केलंय ओ सर?" मिस्त्रींनी विचारले.

चाळीस वर्षांहून अधिक काळ दडविलेले उत्तर आम्ही प्रथम त्यांस दिले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "देवानं सांभाळलं म्हणायचं."

तडा कसा वाढतो हेही त्यांनी समजाविले. तार एकदा वाकविल्याने तुटत नाही. पुनःपुन्हा वाकविली म्हणजे तुटते. धातूसही थकवा येतो. जाड, कठीण गोळा जेथे संपतो आणि पातळ नळी जेथे सुरू होते, तेथे प्रत्येक धक्क्याचा ताण एकवटतो. 1954 साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने आकाशात फुटली, त्यांचे कारणही धातूचा असाच थकवा होता. मोठ्या नाशाचे मूळ पुष्कळदा डोळ्यांस न दिसणारे असते.

"वरून आणखी एक थर दिला तर?" आम्ही विचारले. त्यांनी मान हलविली. जुने सदोष वेल्डिंग तसेच ठेवून वर थर देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. त्यांनी नळीचा तो भाग करवतीने कापून काढला. आत घट्ट बसेल असा पोलादी नळीचा तुकडा लेथवर काढून दोन्ही तोंडांत सरकविला, आणि त्यावर बाहेरून नवी नळी जोडावयास घेतली. नवा कान जाड पत्र्यातून कापून उजव्या कानाशी ताडून कानशीने घासला. मग मानेपासून दोन्ही कानांपर्यंत दोरी धरून अंतर मोजले. तापलेले लोखंड थंड होताना आखडते व जोड ओढून घेते. म्हणून शॉकअपच्या जागी दोन्ही बाजूंस सारख्या लांबीच्या लोखंडी पट्ट्या बोल्टांनी कसल्या. शिंपी कच्चे टाके घालतो तसे प्रथम चार टाके मारले, पुन्हा मोजले, आणि मग या बाजूस थोडे, त्या बाजूस थोडे, असे वेल्डिंग पुरे केले. पाणी ओतून निवविण्याची घाई केली नाही. लोखंड आपल्या गतीने थंड होऊ दिले. शेवटी पुन्हा घासलेट व खडूची परीक्षा झाली. पुडीवर रेघ उमटली नाही. शॉकअप मात्र दोन्ही नवे घातले. एक कणखर आणि एक थकलेला असला म्हणजे भार वाकडा पडतो.

अर्ध्या तासाच्या कामास तीन दिवस लागले होते. प्रभू येशूने सांगितलेला वाळूवरच्या घराचा दृष्टांत आम्ही याच शाळेत शिकलो. त्याचा अर्थ त्या तीन दिवसांत कळला.

त्या रात्री आम्ही मातोश्रींपाशी सारे कबूल केले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणून का रे तू दर वेळी म्हणायचास, एस.टी.नं जा, एस.टी.नं जा? तुझे वडील म्हणायचे, पोराला आपली किती काळजी!"

बालमित्रहो, शिक्षा झाली असती तर ती आम्ही केव्हाच विसरलो असतो. न केलेल्या कबुलीबद्दल मिळालेली ही शाबासकी मात्र विसरता येत नाही. आणि पालकांस आमची एवढीच विनंती की, मूल चूक सांगावयास आले तर प्रथम ते पुरे बोलून घेऊ द्यावे.

मिस्त्रींनी रंग कोणता द्यावा असे विचारले, तेव्हा आम्ही त्या कानास रंग देऊ दिला नाही. गंज चढू नये म्हणून केवळ पारदर्शक लेप दिला. पुन्हा तडा गेलाच तर तो लागलीच दिसावा. काळ्या सांगाड्यावर ती उघडी जागा दुरून नजरेत भरते. कन्येने पहिल्याच दिवशी विचारले, "बाबा, इथे रंग का नाही?" आम्ही तिला पडवीत बसविले, आणि अक्कलकोट रस्त्यापासून सांगावयास प्रारंभ केला.