फुग्याची बाही

पेडणे,
चैत्र शुद्ध

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

गोवा मुक्तीच्या आधीच्या फोटोत आजीच्या अंगावर जे पोलकं आहे, तसंच तुला शिवायचंय, हे वाचून फार बरं वाटलं. फक्त ते फोटोपुरतं शिवू नकोस. ते उन्हाळ्याचं पोलकं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांच्या पुढे फारसा चढत नाही, पण हवाच इतकी दमट की घाम वाळत नाही. त्यात अस्तर लावलेला, दंडात रुतणारा पॉलिस्टरचा ब्लाउज घालून लग्नात उभ्या असलेल्या मुली मला बघवत नाहीत.

कापड सुतीच घे, कॅम्ब्रिक किंवा वायल. ३६ इंच पन्ह्याचं सव्वा मीटर पुरेल. बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजव आणि सावलीत वाळव. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवल्यावर आटलं तर मुंढा काचतो.

आता बाही. साधी बाही खाकी कागदावर काढ, मधोमध उभी काप आणि दोन्ही तुकडे ३ इंच दूर सार. वरची गोलाई इंचभर चढव. त्या गोलाईच्या मधल्या भागातच धावदोऱ्याच्या दोन ओळी घालून चुण्या ओढ. काखेकडे एकही चुणी जाऊ देऊ नकोस. दंडाशी उरेब पट्टी लाव, मापापेक्षा इंचभर सैल. इलास्टिक अजिबात नको. खांद्याशी फुगलेलं कापड अंगाला टेकत नाही, हात हलला की आत वारा खेळतो. खरा फायदा तोच.

अशा बाह्या युरोप-अमेरिकेत १८९०च्या आणि पुन्हा १९३०च्या दशकात गाजल्या. गोव्यात त्यांच्यावर पोर्तुगीज वळण दिसतं. कुणबी बायकांचं तांबडं चौकड्यांचं कापड आधी चोळीशिवायच, खांद्यावर गाठ मारून नेसलं जाई; फुग्याच्या बाह्यांची चोळी त्याच्या जोडीला नंतर आली. शापोरा नदीपलीकडे, कोलवाळला राहणाऱ्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते कापड पुन्हा पुढे आणलं आणि २०१२ साली 'मोडा गोवा' हा गोव्याच्या पेहरावाचा इतिहास लिहिला. २०२० साली ते गेले. मिळालं तर ते पुस्तक जरूर बघ.

तू तयार पॅटर्न मागवायचं म्हणतेस. वेगवेगळ्या मापांचे असे कागद अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ पासून विकायला काढले, आणि घरी शिवणाऱ्या बायकांची त्याने मोठी सोय झाली. पण आपल्या घरात नवं पोलकं जुन्यावरून बेतलं जाई. म्हणून आजीचं एक विटलेलं पोलकं सोबत पाठवते आहे. ते बिनधास्त उसव. कुशीला दीड इंच माया सोडलेली दिसेल, आणि तिच्यात जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा. बाळंतपणात सैल करायचं, मग पुन्हा आवळायचं, असं एकच पोलकं वर्षानुवर्षं चाले. हल्ली शिंपी पाव इंच सोडून बाकीचं कापून टाकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तू दीड इंचच सोड.

शिवण पक्की करण्याआधी कच्चे टाके घालून इकडे ये, मुंढा मी अंगावर बघीन. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावला लईराई देवीची जत्रा, तिच्या आठवडाभर आधी आलीस तर काज-बटणं आपण दोघी मिळून करू.

तुझी,
मावशी